शेवटच्या पानावरचा शेरा



तुमच्या गावात फौजेतून परत आलेला एखादा तरी माणूस असेलच. नांदेडकडचे गाव असो की लातूरकडचे, त्याच्या माळवदाच्या घरात एका कोपऱ्यात काळी पत्र्याची पेटी असते. पेटीवर पांढऱ्या रंगाने त्याचा नंबर आणि नाव लिहिलेले असते. आत वर्दी असते, एखादे पदक असते, पलटणीतला फोटो असतो, आणि सगळ्यांत खाली फडक्यात गुंडाळून ठेवलेले एक पुस्तक असते. त्याला फौजी माणूस 'डिस्चार्ज बुक' म्हणतो. नोकरी किती वर्षे झाली, कुठे झाली, वागणूक कशी होती आणि शेवटी नोकरी का संपली, हे सारे त्यात लिहिलेले असते. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते त्या शेवटच्या नोंदीविषयी.

एखाद्याच्या पेटीतले ते पुस्तक कधीच बाहेर निघत नाही. पारावर फौजेच्या गोष्टी निघाल्या की तो माणूस हळूच उठून जातो. गावाला एवढेच ठाऊक असते की, 'याचे नाव कापून याला घरी पाठवले.' का पाठवले, कोणत्या हुकमाने पाठवले, तो हुकूम बरोबर होता की चूक, हे कुणी विचारत नाही. तोही सांगत नाही. पण शेरा लिहिणारा हात माणसाचाच असतो, आणि माणसाच्या हातून चूक होते. ती चूक दुरुस्त करून घ्यायची वाट आहे का? आहे. पण ती एका दिवसात झालेली नाही. तिच्या मागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला काही इतिहास आपल्या मराठवाड्याच्या मातीतला आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. फौजेतून बाहेर पडण्याचे दरवाजे अनेक आहेत, आणि सगळे सारखे नाहीत. मुदत संपली, प्रकृती बिघडली किंवा दुसऱ्या काही कारणाने नाव कमी केले, ती सेवामुक्ती. शिक्षा म्हणून घालवले, ती बडतर्फी. यांच्यामध्ये आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे सेवेतून काढून टाकणे. ऐकायला तिन्ही सारखेच वाटतात. 'घरी आला' हेच खरे, मग फरक काय, असे तुम्ही म्हणाल. फरक भाकरीचा आहे. सैन्याच्या १९६१ च्या पेन्शनच्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की, बडतर्फ झालेल्या शिपायाला आधीच्या साऱ्या नोकरीबद्दल पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी मिळणार नाही. अपवाद म्हणून राष्ट्रपतींनी मनावर घेतले तरच काही मिळेल. साध्या शिपायाला पेन्शनसाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांची नोकरी लागते. आता हिशेब करून बघा. दोघांनी सोळा-सोळा वर्षे नोकरी केली. एकाच्या पुस्तकात सेवामुक्ती लिहिले, दुसऱ्याच्या पुस्तकात बडतर्फी. पहिल्याच्या घरी दर महिन्याला पैसे येतात, त्याच्या मागे त्याच्या बायकोला येतात. दुसऱ्याची सोळा वर्षे पाण्यात. एका शब्दाचे एवढे वजन आहे.

जुन्या काळी तर असा कागद मागण्याचीही सोय नव्हती. इंग्रजांच्या अमलात आपल्या भागात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, असा तो मामला. तिच्या छावण्या हिंगोलीला होत्या, मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला होत्या, औरंगाबादला होत्या. १८५७ च्या जून महिन्यात औरंगाबादच्या घोडदळात चलबिचल झाली. आपल्याला दख्खनच्या बाहेर नेऊन आपल्याच माणसांवर सोडणार, अशी बोलवा स्वारांत उठली होती. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. स्वारांवर खटले चालले, काहींना मृत्युदंड झाला, कित्येकांना नोकरीतून काढले. त्या काढलेल्या स्वारांनी कुणाकडे दाद मागायची? ज्याने काढले तोच न्यायाधीश. वर दुसरे दार नव्हते. माणूस घोडा, हत्यार आणि अब्रू तिथेच ठेवून आपल्या गावी पायी परत येई, आणि गोष्ट तिथेच संपे.

यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी हा प्रश्न सगळ्या देशापुढे आला. तो दिल्लीच्या लाल किल्ल्यात आला. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेतले शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर ५ नोव्हेंबर १९४५ रोजी लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. भुलाभाई देसाई यांनी त्यांची बाजू मांडली. न्यायालयाने तिघांना जन्मठेप काळ्या पाण्याची सांगितली, अधिकारपदावरून बडतर्फ केले आणि थकलेला पगारही जप्त केला. देश खवळलेला होता. तेव्हाचे सरसेनापती ऑकिनलेक यांनी १९४६ च्या जानेवारीत जन्मठेप माफ केली. लोकांनी फटाके वाजवले. पण बडतर्फी आणि पगाराची जप्ती मात्र सरसेनापतींनी कायम ठेवली, ही गोष्ट त्या आनंदात अनेकांच्या ध्यानात आली नाही. तुरुंगाचे दार उघडले, पण पुस्तकातला शेरा तसाच राहिला.

हे तिघे तर प्रसिद्ध झाले. त्यांच्या मागे हजारो साधे शिपाई होते. इंग्रजांनी त्यांची पांढरे, करडे आणि काळे अशी प्रतवारी लावली होती. ज्याचा संशय नाही तो पांढरा, मधला तो करडा, पक्का तो काळा. पांढऱ्याला परत पलटणीत घेतले. बाकीच्यांना घरची वाट दाखवली. माणसाच्या इमानाला असे रंग लावून त्याचे पुढचे आयुष्य ठरले.

मग स्वराज्य आले. आता तरी यांना मानाने परत बोलावतील, असे लोकांना वाटले. पण तसे झाले नाही. १९४८ साली पंडित नेहरूंच्या सरकारने ठरवले की, या सैनिकांवरचा बडतर्फीचा कलंक दूर करावा, मात्र त्यांना सैन्यात परत घेऊ नये. काहींना ते कडू लागले. सरकारचे म्हणणे असे होते की, त्या धामधुमीच्या काळात सैन्य एकसंध राहिले पाहिजे; आपली शपथ पाळून जागेवर राहिलेले आणि शपथ मोडून देशासाठी बाहेर पडलेले एकाच रांगेत उभे केले तर आत तेढ माजेल. हा विचार बरोबर होता की चूक, यावर शिक्षकांनी वर्गात जरूर चर्चा घडवावी. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कलंक पुसणे ही एक गोष्ट, आणि नोकरी परत देणे ही दुसरी. आजच्या कायद्यातही हा फरक आहे.

या संदर्भात एका मराठी माणसाचे नाव घ्यायला हवे. सावंतवाडीकडच्या तिरोडे गावचे जगन्नाथराव भोसले. मराठा पलटणीतले अधिकारी, पुढे आझाद हिंद सेनेत नेताजींचे मोठे सहकारी. जुन्या फौजेत त्यांना परत जागा राहिली नाही. पण १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले, आणि १९५४ साली त्यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. पुढे ती अनेक शाळांतून पसरली. गंमत बघा, ज्या माणसावर शिस्त मोडल्याचा शेरा, त्यानेच देशाच्या मुलांना कवायत आणि शिस्त शिकवली. शेरा म्हणजे सारा माणूस नव्हे, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आता मुंबईला चला. १८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याला 'तलवार' नावाचे नौदलाचे ठाणे होते. तिथे तारायंत्राचे आणि संदेशाचे शिक्षण मिळे. त्या सकाळी खलाशांनी अन्नाला हात लावला नाही आणि कामावरही गेले नाहीत. जेवण निकृष्ट, पगारात गोरा-काळा भेद, आणि वर अधिकाऱ्याच्या तोंडी आईबहिणीवरून शिव्या. भिंतीवर 'जय हिंद' आणि 'चले जाव' लिहिल्याच्या संशयावरून बलाईचंद्र दत्त या तरुण खलाशाला आधीच पकडले होते. एका ठाण्यावरची ही ठिणगी दोन दिवसांत मुंबई, कराची आणि इतर बंदरांत पसरली. ७८ जहाजे, २० ठाणी आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात सामील झाले. त्यांच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग होते. एक मुसलमान, एक शीख.

त्यांच्या मागण्यांची यादी वाचण्यासारखी आहे. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, ही तिच्यात आहे. इंडोनेशियातून हिंदी फौज परत आणा, ही आहे. आणि त्यांच्याच बरोबरीने एक साधी मागणी आहे, ती अशी की, नोकरी संपून घरी जाताना अंगावरचे कपडे आणि सामान परत काढून घेऊ नका. लढाई संपली होती, हजारोंना कमी करणार होते. घरी जाताना निदान नेसूचे कपडे तरी असावेत, एवढेच ते मागत होते.

२१ फेब्रुवारीला गोळीबार झाला. २२ तारखेला मुंबईच्या गिरणगावाने हरताळ पाळला. लष्कर रस्त्यावर आले आणि दोनशेहून अधिक नागरिक मेले. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळीला बळी पडली. सरदार पटेलांनी खलाशांना शस्त्रे ठेवायला सांगितले आणि सूडाची कारवाई होऊ देणार नाही, असा भरवसा दिला. २३ तारखेच्या सकाळी जहाजांवर काळी निशाणे चढली. आम्ही हिंदुस्थानला शरण जातो, इंग्रजांना नाही, असे खलाशांनी जाहीर केले.

आणि मग काय झाले? कित्येकांना पकडून मुलुंडच्या छावणीत ठेवले. न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. नोकरीतल्या गाऱ्हाण्यांमुळे असंतोष माजला होता, हे त्या आयोगानेही मान्य केले. गाऱ्हाणी खरी ठरली, पण गाऱ्हाणी सांगणारे बाहेर गेले. सुमारे पावणेपाचशे खलाशांना काढून टाकण्यात आले. वीस-बावीस वर्षांची पोरे ती. १९४७ नंतर त्यांना भारताच्या नौदलाने परत घेतले नाही, पाकिस्तानच्याही नौदलाने घेतले नाही. दत्त यांनी पुढे वर्तमानपत्रात आणि जाहिरातीच्या धंद्यात पोट भरले, आणि १९७१ साली या उठावावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ज्यांना लिहिता येत नव्हते, ते आपापल्या गावी गप्प राहिले.

यांच्या पुस्तकातला शेरा कधी पुसला गेला का? सरळ खोडून नवा लिहिला, असे झाले नाही. पण दुसऱ्या बाजूने एक कागद आला. १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शनची योजना सुरू केली. आरंभी ज्यांचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या आत होते अशांनाच ती होती. १९८० साली ती सर्वांना खुली झाली आणि तिला 'सन्मान' हे नाव लागले. या योजनेत आझाद हिंद सेना आली आणि १९४६ चा नाविकांचा उठावही आला. चळवळीत भाग घेतल्यामुळे सरकारी नोकरी गेली, हाही हक्काचा एक आधार ठरला. म्हणजे बघा, एका सरकारने ज्याला दोष म्हणून लिहिले, त्याच गोष्टीला दुसऱ्या सरकारने मान म्हणून लिहिले. मुंबईत कुलाब्याला आता या नाविकांचे स्मारकही उभे आहे.

सन्मान पेन्शन हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला नवा नाही. १९४६ साली आपण निजामाच्या राज्यात होतो. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. आपली मुक्तता १७ सप्टेंबर १९४८ ची. मुक्तिसंग्रामात ज्यांनी तुरुंग भोगला, त्यांनी पुढे तुरुंगाचा दाखला, साथीदाराचे प्रतिज्ञापत्र, वॉरंटाची नक्कल यांसाठी किती उंबरे झिजवले, हे तुमच्या आजोबांनी सांगितले असेल. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाची तीच कथा. उदगीरचे भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात वारले, त्यांच्या नावाची शाळा उदगीरला आहे. त्या सत्याग्रहातल्या काही लोकांना पेन्शनसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. मुकुंदलाल भंडारी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने १९९३ साली सांगितले की, अर्जाची तारीख टळली एवढ्यावरून देशसेवकाला परत पाठवू नका. पुरावा खरा असेल तर अर्ज आल्याच्या दिवसापासून पेन्शन द्या. हा मान आहे, भीक नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता.

इथवर झाली देशासाठी शेरा पत्करलेल्यांची गोष्ट. पण आजच्या साध्या शिपायाचे काय? तो काही उठावात नव्हता. त्याची चूक बहुधा लहान असते. रजेवर आला, आई अंथरुणाला खिळली, सोयाबीन काढणीला आले, पाऊस डोक्यावर, आणि रजा संपून वीस दिवस झाले. कुणाला वाटते, जाऊन सांगू. पण कायदा तसा थांबत नाही. परवानगीशिवाय ३० दिवस गैरहजर राहिला, की पलटणीत चौकशी बसते आणि त्याला पळून गेलेला मानता येते. तेव्हा गावातल्या शहाण्या माणसाने पहिला सल्ला द्यावा तो हाच की, रजा वाढवायची तर रजा संपण्याआधी कळव, लेखी कळव, आणि दवाखान्याचा कागद जपून ठेव. शेरा पुसण्यापेक्षा शेरा न पडू देणे कधीही सोपे.

शेरा पडलाच, तर १९५० चा सैन्य कायदा बघा. त्याच्या २३ व्या कलमात एक फार मोलाची गोष्ट आहे. नोकरी संपलेल्या प्रत्येक शिपायाला दाखला द्यायचा, आणि तो इंग्रजीत तसाच त्या शिपायाच्या मातृभाषेत द्यायचा. नोकरी कोणाच्या अधिकाराने संपवली, कोणत्या कारणाने संपवली आणि एकंदर नोकरी किती झाली, या तीन गोष्टी त्यात असल्या पाहिजेत. १८५७ च्या स्वाराला जे मिळाले नाही, ते इथे लेखी मिळते. कोणी काढले आणि का काढले, हे ज्याला ठाऊक आहे तोच दाद मागू शकतो. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाने शिपायाला वरच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे नेता येते, आणि १६४ व्या कलमाने लष्करी न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध अर्ज करता येतो.

पण अर्ज जायचा तो पुन्हा फौजेतल्याच वरिष्ठांकडे. बाहेर दाद मागायची तर उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय गाठायचे, तेही मर्यादित अधिकारात. तरीही काहींनी ती पायरी चढली, आणि त्यांच्यामुळे पुढच्यांची वाट रुंद झाली. रणजित ठाकूर नावाचा एक सिग्नलमन होता. त्याने आपल्या अधिकाऱ्याविरुद्ध वर तक्रार केली होती. पुढे शिक्षा भोगत असताना, जेवण घे म्हटले असता तो जेवला नाही, असा त्याच्यावर आरोप आला. लष्करी न्यायालय बसले, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच अधिकारी त्यात बसला. एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि त्याला नोकरीवर परत घ्यायला लावले. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. वादी असेल त्याने न्यायाला बसू नये, आणि चिमणीला तोफ डागू नये.

दुसरी गोष्ट लाल शाईची. फौजेत मोठ्या शिक्षेची नोंद लाल शाईने करतात. असे चार लाल शेरे झाले, की शिपायाला 'आता तुझी गरज नाही' म्हणून कमी करण्याची वाट मोकळी होते. वीरेंद्रकुमार दुबे या शिपायाला असेच कमी केले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसते चार मोजून भागत नाही. आधी रीतसर चौकशी करा. त्याची नोकरी किती झाली, कोणत्या खडतर जागी झाली, पेन्शन किती जवळ आली आहे, याचा विचार करा. त्याच्याबाबत चौकशी झालेली नव्हती, म्हणून पेन्शनला लागणारी मुदत पुरी होईपर्यंत तो नोकरीत होता असे मानून त्याला पेन्शन द्यावी, असा निकाल झाला. मधल्या काळाचा पगार मात्र मिळाला नाही. १९४८ साली कलंक पुसला, पण नोकरी दिली नाही. इथेही तोच तोल दिसतो.

साध्या शिपायाने उच्च न्यायालयात वकील लावायचा म्हणजे शेत गहाण टाकायची वेळ. म्हणून फौजेच्या माणसांसाठी वेगळे न्यायासन हवे, ही मागणी जुनी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पृथीपालसिंग बेदी यांच्या खटल्यात खंत व्यक्त केली होती की, आपल्याकडे लष्करी न्यायालयावर एकही अपील नाही. शेवटी २००७ साली कायदा झाला आणि २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण सुरू झाले. मुख्य पीठ दिल्लीला, आणि आपल्या महाराष्ट्रासाठी मुंबईला. तिथे एक न्यायाधीश आणि एक फौजेतला निवृत्त मोठा अधिकारी, असे दोघे बसतात. एकाला कायदा कळतो, दुसऱ्याला फौज कळते. बडतर्फी, सेवामुक्ती, पेन्शन, लष्करी न्यायालयाची शिक्षा, सारे तिथे नेता येते.

दुसऱ्या देशांतही हे सुखासुखी झालेले नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात काही शिपायांना निळ्या कागदावर घरी पाठवत. तो कागद मानाचा नाही आणि अपमानाचाही नाही, असा अर्धवट. पण तो बघितला की सवलती नाकारत, आणि काळ्या वर्णाच्या शिपायांच्या वाट्याला तो जास्त आला. १९४४ च्या कायद्याने तिथे असे शेरे फेरतपासणारी मंडळे बसवली, आणि १९४७ साली निळा कागदच बंद झाला. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात पळपुटे ठरवून गोळ्या घातलेल्या ३०६ शिपायांना २००६ साली माफी मिळाली. नव्वद वर्षांनी! मेलेल्याला त्याचा उपयोग नाही, पण त्याच्या नातवंडांना आपल्या आजोबाचे नाव उजळ माथ्याने घेता आले.

आता थोडे व्यवहाराचे. शिक्षक मंडळी, हे खास तुमच्यासाठी, कारण गावात कागद वाचायला लोक तुमच्याकडेच येतात. न्यायाधिकरणात जाण्याआधी फौजेकडे रीतसर अर्ज करावा लागतो. अर्जाचा निकाल लागला, की पुढे सहा महिन्यांची मुदत असते. अर्ज करून सहा महिने झाले आणि उत्तरच आले नाही, तरी पुढे जाता येते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. पेन्शनचा हक्क असून ती मिळत नसेल, तर तो दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तरसेमसिंग यांच्या खटल्यात २००८ साली मानले. परंतु थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे जो माणूस वीस वर्षे लाजेने गप्प बसला, त्याची सतरा वर्षांची भाकरी गेली. लाज इतकी महाग पडते.

सगळेच शेरे चुकीचे असतात, असे मी म्हणत नाही. सीमेवर पहारा करताना झोपलेला माणूस आपल्या दहा साथीदारांचा जीव धोक्यात घालतो. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. न्यायालयेही असे कित्येक हुकूम कायम ठेवतात. आणि खोटा कागद करून हक्क मागणारे लोकही असतात. त्यांच्यामुळे खऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. म्हणून जे खरे आहे तेच लिहावे. चूक झाली असेल तर झाली म्हणावे, आणि शिक्षा चुकीपेक्षा मोठी होती, किंवा चौकशीच झाली नाही, एवढे नेमके दाखवावे.

तर मंडळी, एवढे करा. तुमच्या गावात असा कुणी गप्प राहिलेला फौजी असेल, तर त्याला पारावर नको, घरी बोलवा. ती पेटी उघडायला सांगा. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवा. कोणी काढले, कोणत्या कारणाने काढले, नोकरी किती झाली, आणि तारीख काय, या चार गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. मातृभाषेतला दाखला मिळाला नसेल, तर तो मागण्याचा अर्ज लिहून द्या. मग नांदेडला किंवा लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे त्याच्याबरोबर एकदा जा. त्याचा शेरा बदलेल की नाही, हे आपण सांगू शकत नाही. पण तो शेरा काय आहे, हे निदान त्याला स्वतःला नीट कळेल. आजवर कित्येकांना तेवढेही कळले नव्हते.